भिंतीवरची जमना

तांड्यावरच्या पोरींनी तीजेचा गहू पेरला की मला दवाखान्यात जावंसं वाटत नाही. एरवी निवृत्तीनंतर मी आठवड्यातून तीन दिवस तिथे जाते. केसपेपरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना कोणत्या खोलीत जायचं ते सांगते, वार्षिक पुस्तिकेचा मजकूर लिहिते, आणि एवढ्याबद्दल लोक मला हात जोडतात. श्रावणात मात्र माझे गुडघे दुखू लागतात, डोकं जड होतं, घरात नसलेली कामं निघतात. तीस वर्षं शाळेत पोरांच्या सबबी ऐकण्यात गेली, त्यामुळे स्वतःची सबब मला लगेच ओळखू येते. ओळखूनही मी ती चालवून घेते.

आर्णी तालुक्यातलं आमचं गाव टेकाडावर आहे आणि बंजाऱ्यांचा तांडा खाली, नदीच्या अंगाला. या दिवसांत वरून पाहिलं की सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं असतं, तुरीच्या ओळी अजून लाजऱ्याबुजऱ्या, कपाशीच्या पऱ्हाटीला पहिली फुलं. तांड्याच्या नायकाच्या घरासमोर माचावर टोपल्या मांडलेल्या असतात. कुमारिका पोरी त्यात खत-माती घालून गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात, आणि मग वीतभर वाढलेला तो पोपटी गहू नदीवर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. हल्ली एखादी पोर जीन्समध्ये असते, एखादीच्या हातात मोबाइल असतो, पण पाणी घालताना हाताची ओंजळ तशीच होते. त्या कोवळ्या गव्हाला एक वास असतो, ओल्या मातीचा आणि कच्च्या दुधाचा मिळून. मला त्या वासाबरोबर फिनाईलचा वास येतो. मी कितीही नाक झटकलं तरी येतो.

एकवीस वर्षांपूर्वी, पुराच्या वर्षी, पोरींचा गहू पाच दिवसांचा होता. झड लागली होती. सूर्य कुणी पाहिला नव्हता, चुलीतली लाकडं धुराशिवाय काही देत नव्हती. सकाळी आम्ही शाळेत प्रार्थना म्हणत होतो आणि व्हरांड्यातून मला तांड्याच्या मधोमध पाणी चमकताना दिसलं. आधी वाटलं, नेहमीसारखं डबकं असेल. प्रार्थना संपेपर्यंत ते डबकं चालायला लागलं होतं. माणसं पोरं खांद्यावर घेऊन, बकऱ्या ओढत, भांडी डोक्यावर घेऊन शाळेकडे चढत होती. माणूस एकही गेला नाही, हे आमचं नशीब. ढोरं गेली, कुडाच्या भिंती गेल्या, आणि गव्हाच्या टोपल्या पाण्यावर तरंगत, डुलत, एकामागून एक निघून गेल्या. पोरी टेकाडावर उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या बाभळींच्या काट्यांत पांढऱ्या मुळ्यांसकट गव्हाचे झुबके अडकलेले सापडले.

पुराने सोडलं त्यांना मग हगवणीने धरलं. विहिरींत गाळ आणि मेलेली कोंबडी. यवतमाळहून एक तरुण डॉक्टर दोन पत्र्याच्या पेट्या भरून औषधं घेऊन आले. "चार दिवस राहतो," म्हणाले होते. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही सतरंज्या अंथरल्या. कोपऱ्यात मागल्या हंगामाची सरकी पडून होती, तिचा तेलकट वास, वर फिनाईल, वर ओल्या माणसांचा वास. कापूस तोलायच्या काट्याचे आकडे वरच्या तुळईला लटकत होते, त्यांनाच आम्ही सलाईनच्या बाटल्या अडकवल्या. आकडे कमी पडले तेव्हा माणसं हातात बाटल्या धरून उभी राहिली.

मीही राहिले. हे मी सांगते आहे ते मोठेपणा मिरवायला नाही, पुढचं कळावं म्हणून. तांड्यावरची जमना, वीस-एकवीस वर्षांची, तिची दहा महिन्यांची पोर घेऊन आली तेव्हा पोरीचे डोळे आत गेले होते आणि चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. डॉक्टरांनी डोक्यातली शीर शोधली. बाटली मी धरली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मी ती धरून होते, उजवा हात भरून आला की डावा. जमना माझ्या पायाशी बसून एकदा पोरीकडे आणि एकदा माझ्या हाताकडे बघत होती. संध्याकाळी पोर रडली. किती दिवसांनी तिच्या रडण्यात जीव होता! जमनाने माझ्या पावलांवर डोकं ठेवलं आणि मी, लाज वाटते सांगायला, पाय मागे घेतले नाहीत.

चार दिवसांचे डॉक्टर तिथेच राहिले. शेडमध्ये पडदे आले, मग एका खोलीच्या दोन झाल्या, मग बाळंतपणाची खोली, मग शस्त्रक्रियेचं टेबल. आता तीन मजले आहेत, दारव्ह्याकडून, पार राळेगावकडूनही माणसं येतात, एसटी दवाखान्याच्या फाटकाशी थांबते. फलकावर भारदस्त नाव आहे, पण कंडक्टर ओरडतो ते "पुरातला दवाखाना" असंच. औषध फुकट, दोन वेळची खिचडी फुकट, आणि सिस्टर रागावल्या तरी माणसाला परत पाठवत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. माझ्या शरमेची अडचणच ही की ती एका चांगल्या गोष्टीच्या पायात पुरलेली आहे.

पूर ओसरून दहा-बारा दिवस झाले असतील. ऊन पडलं होतं, शाळेच्या कुंपणावर गावभरच्या गोधड्या वाळत होत्या. डॉक्टरांचे शहरातले मित्र म्हणाले, फोटो पाठवा, लोक मदत करायला तयार आहेत. कॅमेरा माझ्याकडे होता, भावाने दिलेला, रोलचा. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हीच काढा, मला त्यातलं कळत नाही." मी एक चांगला चेहरा शोधत होते आणि नेमकी त्याच दिवशी जमना आली.

ती नटून आली होती. पोर वाचली म्हणून भेटायला आली होती, आणि अशा भेटीला त्यांच्यात अंगभर लेवून जायचं असतं हे मला माहीत होतं. तांड्यावर मी लग्नं पाहिली होती. तिच्या याडीने, म्हणजे आईने, तिच्या लग्नासाठी वर्षभर बसून शिवलेला फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, तिने नेसला होता, वर कांचळी. लाल कापडावर पिवळे-हिरवे टाके, बोटाच्या पेराएवढे आरसे, कडेला कवड्या. पत्र्याची पेटी आढ्याला टांगलेली होती म्हणून तेवढं वाचलं होतं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कानाशी चांदीची फुलं. शेडच्या दारात ती उभी राहिली आणि आरशांतून उन्हाचे ठिपके छतावर, सतरंज्यांवर, आजाऱ्यांच्या तोंडांवर पसरले. एक म्हातारा हात हलवून ते ठिपके धरायला बघत होता. पोर कडेवर होती आणि आईची एक सुटी बांगडी चोखत हसत होती.

मी काय म्हणाले? मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणाले, "अगं, अशी काय आलीस? लग्नाला आल्यासारखी? असा फोटो पाहून कोण म्हणेल तुमच्यावर आफत आली?"

"मंग कसा पायजे, बाई?" तिने विचारलं.

मी सांगितलं कसा पाहिजे. शहरातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून मी एक विटकी साडी काढली. भिंतीआड नेऊन तिला नेसवली. बांगड्या उतरवायला लावल्या. चांदीची फुलं काढताना केसांचा गुंता झाला, तो तिने स्वतःच तोडला. केसांवर मी तांब्याभर पाणी ओतलं आणि साडीच्या काठाला अंगणातला चिखल लावला. ती एकदाच म्हणाली, "तुमी सांगून राह्यल्या तं बरोबरच असन." माझ्या हाताने तिच्या पोरीची बाटली धरली होती ना! त्या हातावर तिचा विश्वास होता.

मग पोर रडेना. ती बांगडी वाजवत खिदळत होती. मी तिच्या मुठीतून बांगडी काढून घेतली. तिने ओठ काढले, माझ्याकडे बघितलं, आणि आभाळ फाटल्यासारखी रडली. जमना गोंधळून वर पाहू लागली. तेवढ्यात मी कळ दाबली.

तो फोटो फार चांगला आला. आधी पत्रकावर छापला गेला, मग दिनदर्शिकेवर, मग दाराएवढा मोठा करून केसपेपरच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर. मदत त्याने आणली यात शंका नाही. पाहुणे आले की आधी तिथे उभे राहतात. बायका डोळे टिपतात. एक गृहस्थ म्हणाले होते, "त्या बाळाच्या रडण्यात भूक ऐकू येते." मी शेजारी उभी होते, आणि मान हलवली.

स्वतःला समजावायला मी कमी केलेलं नाही. पूर खरा होता. पोर खरंच मरता मरता वाचली होती. चिखल त्याच गावचा होता. मी फक्त आठ-दहा दिवस मागे गेले, एवढंच. फळ्यावर उदाहरण सोडवताना एखादी पायरी गाळतात तसं. पण माझ्याच वर्गात पायरी गाळणाऱ्याला मी उभं करत असे. शिवाय खोटं काय होतं ते मला नेमकं माहीत आहे. जमना उपकार मागायला आली नव्हती, आभार मानायला आली होती. तिने स्वतःचं जे रूप दाखवायचं ठरवलं होतं ते मी तिच्या अंगावरून उतरवलं, आणि मला जे दाखवायचं होतं ते नेसवलं.

तिची पोर, आरती, पुढे माझ्याच शाळेत आली. पोरं तिला "पोस्टरवाली" म्हणायची. मधल्या सुट्टीत एकदा मी ते ऐकलं. त्या पोरांचे कान धरायला हवे होते, पण मी वही तपासत राहिले. जमना मात्र दवाखान्यात पुन्हा आली नाही. तांड्यावरची सगळी यायची, सासू आली, जाऊ बाळंतपणाला आली. स्वतः जमना दुसऱ्या बाळंतपणाला दिवस भरलेले असताना जीपमधून दारव्ह्याला गेली. आमच्या फाटकावरून गेली. मला कळलं तेव्हा मी म्हणाले, "असतील तिच्या माहेरचे तिकडे." तिचं माहेर तिकडे नाही, हे मला ठाऊक होतं.

या वर्षी मात्र सबब पुरली नाही. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला की नव्या इमारतीच्या उद्घाटनाची पुस्तिका अडली आहे, म्हणून गेले. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली आरती स्कूटीला टेकून उभी होती. आता ती बावीसेक वर्षांची झाली आहे, आर्णीला कॉलेज करते. शेजारी पारावर जमना, पाय पुढे करून. पायाला फडकं बांधलेलं, त्याच्यावर माश्या.

"बाई, तुम्ही सांगा तिला," आरती म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, चिडलेला होता. "साखर आहे तिला. बोटं काळी पडून राह्यली. यवतमाळला न्यायला उशीर होईन म्हणते तो मेडिकलवाला. आणि याडी फाटकाच्या आत पाय टाकत नाही."

मी जमनाजवळ बसले. इतक्या वर्षांत आम्ही बाजारात भेटलो होतो, बोललो होतो, पण असं शेजारी बसलो नव्हतो. वास येत होता. मी तिला म्हणाले, "जमना, हट्ट करू नको. आत चल, डॉक्टर बघतील. पाय जाईल अशाने."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा कीव केल्यासारखं.

"अंदर तं मी आहोच ना, बाई," ती म्हणाली. "भितीवर. रोज येते-जाते तो माणूस मले तशी पाह्यते. अजून एकदा कायले जाऊ?"

मी तिच्या पायावरच्या माश्या हाकलल्या. मग तिनेच सांगितलं, हळू, जणू मला समजेल की नाही अशी शंका असल्यासारखं. "माह्या सासूनं पाह्यलं ना तो फोटो, तं म्हणे, आपल्या घरात कापड नव्हतं काय, दुसऱ्याचं उतरलेलं नेसून कायले बसली? मी काय सांगू? बाईनं सांगतलं म्हनून? तुमचं नाव नाई घेतलं मी."

माझं नाव तिने घेतलं नव्हतं. इतकी वर्षं तांड्यात ती त्या साडीचा जाब एकटी देत होती, आणि मी आत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नमस्कार घेत होते. मला शरमेने अंग चोरावंसं वाटलं, पण चोरायला जागा नव्हती. आरती समोर उभी होती आणि तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

मी उठून आत गेले. डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात होते, समोर पंधरा-वीस माणसं. त्यांचे केस पांढरे झाले आहेत, पण ऐकताना अजून मान तशीच तिरकी करतात. मी सगळ्यांसमोर सांगितलं. साडी, पाणी, चिखल, बांगडी, आणि त्यापायी फाटकाबाहेर बसून राहिलेली जमना. आडोशाला नेऊन सांगितलं असतं तर मी पुन्हा एखादी पायरी गाळली असती, इतकं मी स्वतःला ओळखते.

त्यांनी समोरचा केसपेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं? मी दर वर्षी त्या फोटोसमोर उभा राहून भाषण केलंय, बाई."

मग त्यांनीच वॉचमनला हाक मारली, शिडी मागवली. एकाने म्हटलं, उद्घाटनाला पाहुणे येणार, निदान तोवर राहू द्या. डॉक्टर म्हणाले, "पेशंट बाहेर बसलाय." खिळे गंजले होते, फ्रेम निघताना गिलाव्याचा तुकडा घेऊन निघाली. मागे भिंत दाराएवढी स्वच्छ होती, बाकी सगळी मळलेली.

फ्रेम उलटी करून भांडारात नेली तेव्हा आरतीने आईला आणलं. जमना एका पायावर भार देत, पोरीच्या खांद्याला धरून चालत आली. खिडकीसमोर थांबून तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पदर नीट केला. मग पुढे गेली.

तिची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. लवकर आली असती तर बोटंही वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. ते मला उद्देशून म्हणाले नव्हते, पण मी तिथे होते.

काल मी तिला भेटायला वॉर्डात गेले. खिडकीतून तांड्याकडची गाणी येत होती, आज गहू शिरवायचा दिवस म्हणून कालपासूनच पोरींचा कल्ला. जमना उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला पण डोळे तरतरीत. मी माफी मागायची तयारी करून गेले होते, वाक्यं जुळवली होती. तिने ती बोलूच दिली नाहीत.

"बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी याडीचा फेटिया नेसून आलती. तो उतरवाच्या आधी तुमी एखादा फोटो काढलाच असन ना? आतापरेंत मले वाटे, असन बाईजवळ, मांगू कवातरी. आरतीच्या लग्नात लावला असता. फेटिया तं आता नाई, शहरातले लोकं आरशाचे जुने कपडे न्याले आलते, सासूनं देऊन टाकला. याडीबी गेली. एक फोटो असला तं दाखवा मले."

इतकी वर्षं ती त्या फोटोच्या भरवशावर होती. भिंतीवरचा एक मी सगळ्यांना दाखवला, आणि दुसरा तिच्यासाठी जपून ठेवला असेन, असं ती धरून चालली होती.

"नाही काढला, जमना," मी म्हणाले.

ती माझाच हात थोपटून म्हणाली, "जाऊ द्या. रोल खतम झाला असन."

मी हो म्हणाले. तिच्या पायाकडे बघत मी हो म्हणाले आणि घरी आले.

रोल संपला नव्हता. तिचा फोटो काढून झाल्यावर त्यात आणखी पाच निघाले. त्यातला एक माझ्या बैठकीच्या खोलीत अजून आहे. शेडच्या दारात मी पूरग्रस्तांना खिचडी वाढते आहे. तो काढायच्या आधी मी घरी जाऊन इस्त्रीची साडी नेसून आले होते.